दाबाखाली थर कसे वागतात

नायगाव, मुंबई
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

चि. अक्षदा,

अनेक आशीर्वाद.

आम्ही दोघं बरे आहोत. काकीचा गुडघा दुखतो, पण मासळीबाजारात जायचं असलं की त्याला चार जिने चालतात. समोरच्या चाळी पाडून उंच इमारती उभ्या राहिल्या, त्यामुळे आमच्या खिडकीत दुपारी तीनलाच सावली येते. मी काकीला म्हटलं, सरकारने आपल्याला फुकटचा पडदा दिला. ती म्हणाली, वाळवणाचं काय ते सरकाराक विचारा. तुझी प्रकृती ठीक असेल. राजेशही बरा असेल.

फोन तू उचलत नाहीस. कामात असशील, तेव्हा तक्रार नाही. म्हणून हे पोस्टाने, तुझ्या संशोधन संस्थेच्या पत्त्यावर. पत्राचा एक फायदा असा की समोरच्याला मधेच तोडता येत नाही. तोटा असा की टाळ्या ऐकू येत नाहीत.

मुद्द्यावर येतो. परळच्या आपल्या व्याख्यानमालेचं हे एकेचाळिसावं वर्ष. वीस डिसेंबरचा शनिवार मी मोकळा ठेवला आहे. त्या दिवशी व्याख्यान तुझं. विषय तुझाच: पातळ थरांच्या पदार्थांवर प्रचंड दाब दिला तर त्यांच्या चुंबकत्वाचं काय होतं. भाषा मराठी. समितीतल्या एकाने विचारलं, "हे गिरणगावात कोण ऐकणार?" मी त्याला म्हटलं, ज्या लोकांनी मिनिटाला दोनशे फेऱ्यांचे माग चालवले, घरातल्या एका खोलीत तीन पिढ्या चालवल्या, त्यांना दाब म्हणजे काय हे शिकवायला तू कोण?

आता कबुली. तुला बोलवायचं तर विषय आधी मला कळायला हवा, असं मी ठरवलं. दादरच्या हिंदू कॉलनीत चिंतामणी सर राहतात. कॉलेजात चाळीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेत, आमच्या व्याख्यानमालेला पहिल्या रांगेत बसतात आणि माझ्या भाषणात घड्याळ बघतात. त्यांच्याकडे तुझा छापील शोधनिबंध घेऊन गेलो. सलग पाच बुधवार.

पहिल्या बुधवारी सरांनी पत्त्यांचा कॅट काढला. म्हणाले, "दौलतराव, हे तुमच्या पुतणीचे थर. प्रत्येक पानात अणूंचे इवलेसे लोहचुंबक. एका पानातले सगळे एकमेकांना घट्ट धरून, एकाच दिशेला. पण पानापानांमधली पकड सैल. म्हणून तर पानं सुटी होतात. आता एका प्रसिद्ध पदार्थात काय होतं बघा. क्रोमियम आणि आयोडीनचा आहे तो. या पानातल्या चुंबकांची टोकं छताकडे, लगेच खालच्या पानातल्यांची जमिनीकडे. एकाआड एक."

"म्हणजे भाऊ भाऊ, पण एकमेकांकडे पाठ," मी म्हटलं.

"उपमा नकोत. पानं बघा." सरांनी कॅटवर तळहात ठेवून दाबला आणि किंचित ढकलला. पानं एकमेकांवरून तसूभर सरकली. "दाबाने असं होतं. कोणाच्या डोक्यावर कोण, ते बदलतं. शेजार बदलला की नातं बदलतं. मग त्या पदार्थात सगळ्या थरांची टोकं एकाच दिशेला होतात. आणि गंमत म्हणजे दाब काढून घेतला तरी थर सरकलेलेच राहतात, टोकंही तशीच राहतात."

मी खुर्चीतून उठलो. "सर! दाबाने एकी होते आणि दाब गेला तरी टिकते! हेच तर मी पन्नास वर्षं सांगत..."

"बसा," सर म्हणाले. "तुम्ही टाळीची जागा शोधताय, मी पदार्थ सांगतोय. अजून अर्धंच झालंय."

उरलेलं अर्धं समजायला पुढचे चार बुधवार गेले. तुझा पदार्थ वेगळा. त्यात आधीपासून सगळे थर एकाच दिशेला. आणि दाब वाढवत नेला की चुंबकत्व बळावत नाही, दुबळं होतं. आधी जेवढ्या थंडीत टिकायचं त्याहून जास्त थंडी लागायला लागते, आणि एका दाबापुढे ते टिकतच नाही. अणूंमधली अंतरं आणि कोन बदलतात, त्यांचं एकमेकांशी बोलणं बिघडतं. मी सरांना विचारलं, मग दाब नेमकं करतो तरी काय? ते म्हणाले, "दाब फक्त जवळ आणतो. जवळ आल्यावर काय करायचं ते पदार्थाच्या हातात."

अक्षदा, मी खूप वाचलं आहे. क्रांत्यांचे इतिहास वाचले, धर्मग्रंथ वाचले, ज्यांचा मला राग येतो त्यांची पुस्तकं तर दोनदा वाचली. पण तुझ्या निबंधातली ती प्रयोगाची दोन पानं सरांनी ओळीओळीने सांगितली तेव्हा मी गप्प झालो, आणि मी गप्प होणं ही बातमी आहे. हवेतल्या ओलाव्याने पदार्थ खराब होतो म्हणून कोरड्या वायूच्या काचपेटीत, रबरी हातमोज्यांतून हात घालून, केसाहून बारीक तुकडा उचलायचा. दोन हिऱ्यांची टोकं समोरासमोर, मधे धातूची चकती, चकतीला भोक, भोकात तो तुकडा. शेजारी माणकाचा कण, त्याच्या लाल उजेडाचा रंग जरासा सरकला की दाब किती झाला ते कळतं. मग स्क्रू आवळायचे, हाताने! हवा आपल्याला जेवढी दाबते त्याच्या लाखपट दाब, आणि तो देणारी माझ्या पुतणीची दोन बोटं. नंतर ते सगळं उणे दोनशेच्याही खाली थंड करायचं आणि बघत बसायचं. असं एकदा नाही, एकसष्ट वेळा. शेवटी तू काय लिहिलंस? "आमच्या सुरुवातीच्या अपेक्षेच्या विरुद्ध." चार शब्दांत स्वतःची अपेक्षा मोडून ठेवलीस. मला हे कधी जमलं नाही.

२०२२च्या गणपतीत मंडळाच्या गुणगौरव समारंभात जे झालं त्याबद्दल तुझ्या मनात काही असेल तर ते काढून टाक. माइकचा आवाज जास्त होता, गर्दी होती, थोडा गैरसमज झाला. तू जाताना काहीतरी म्हणालीस तेही मला नीट ऐकू आलं नाही.

ये. हॉल भरवण्याची जबाबदारी माझी.

तुझ्या येण्याची वाट बघणारा,
दौलतकाका

ता. क. काकी पत्र वाचून म्हणाली, "तुमका सगळा समजता, फकत गप रवाक जमणा नाय." तिचेही आशीर्वाद.


नायगाव
रविवार, २३ नोव्हेंबर २०२५

चि. अक्षदा,

आशीर्वाद. तुझं उत्तर मिळालं. अक्षर तुझ्या बाबांसारखं आहे, हे मला आधी माहीत नव्हतं.

तू जे लिहिलंस ते मी इथे पुन्हा उतरवतो. माणसाने स्वतःवरचा आरोप एकदा स्वतःच्या हाताने लिहून काढावा. "काका, पत्र छान आहे, भाषण म्हणून. गैरसमज काहीही झाला नव्हता. तुम्ही चुकीचं सांगितलंत, मी दुरुस्त केलं, तुम्ही माझी टर उडवलीत, चारशे माणसं हसली. माइकचा आवाज बरोबर होता. मी यायला तयार आहे. पण शेवटी समारोपात तुम्ही माझाच विषय मला समजावून सांगणार असाल तर नको. आणि बाबांनी विचारलं, दादाने माझ्याबद्दल काही लिहिलंय का? मी म्हटलं, 'राजेशही बरा असेल' एवढं आहे. ते हं म्हणाले आणि भाजी निवडायला बसले."

हे वाचून मी ठरवलं की उत्तर समोर जाऊन द्यायचं. मंगळवारी बसने कुलाब्याला निघालो. कफ परेडला मच्छीमार नगरापाशी उतरलो, म्हटलं पुढे चालत जाऊ, तेवढ्यात वाक्यं जुळतील. होड्या वर ओढलेल्या, काठ्यांवर बोंबील वाळत होते. एक म्हातारी कोळीण जाळं विणत होती, तिच्याशी अर्धा तास बोललो. मग तुमच्या संस्थेच्या दिशेला चालू लागलो आणि फाटक दिसल्यावर थांबलो. अक्षदा, मी पोलिसांच्या लाठ्यांसमोर भाषण तोडलेलं नाही. त्या फाटकावर एक सभ्य पहारेकरी म्हणाला, "आजोबा, कोणाला भेटायचंय?" आणि मला तुझं नाव घेता येईना. "चुकून आलो" म्हणालो आणि उलट फिरलो.

म्हणून आता कागदावरच.

त्या गणपतीच्या आधी तू घरी चहाला आली होतीस. त्या आठवड्यात तुझा एक हिरा तडकला होता, तू चार रात्री झोपली नव्हतीस, तरी काकीने विचारलं म्हणून सांगायला बसलीस. मी आयोडीनच्या पदार्थाचं ऐकलं, थर एका दिशेला होतात इथपर्यंत ऐकलं, आणि उठलो. डोक्यात भाषण तयार झालं होतं. तू मागून म्हणालीस, "काका, पण माझा पदार्थ..." मी हात हलवून "कळलं, कळलं" म्हटलं. हे मला लख्ख आठवतं.

समारंभात तुझ्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला आणि मी गर्जना केली: "आपल्या चाळीच्या लेकीने सिद्ध केलंय! दाब वाढला की सगळे थर एका दिशेला उभे राहतात! विज्ञान सांगतंय, चिरडा आम्हाला, आम्ही एक होऊ!" काय टाळ्या पडल्या. तू माइकजवळ आलीस आणि शांतपणे म्हणालीस, "काका, तसं नाही होत. माझ्या पदार्थात उलट झालं. दाबाने चुंबकत्व गेलं." आणि मी, बेचाळीस वर्षांचा व्यासपीठाचा अनुभव असलेला माणूस, काय बोललो? "बघा मंडळी, शिकल्या की पोरी काकाच्या उलट्या दिशेला उभ्या राहतात! हिचं लग्न लावून द्या, दिशा सापडेल!" चारशे माणसं हसली. तू शाल घडी करून खुर्चीवर ठेवलीस, तिच्यावर नारळ ठेवलास, आणि माझ्या जवळून जाताना जे म्हणालीस ते मला पूर्ण ऐकू आलं होतं.

"बाबांना गप्प केलंत. मला नाही करता येणार."

मला वाटायचं तुला ठाऊक नसेल. राजेशने सांगितलं असेल असं वाटत नाही. काकीने सांगितलं का? सांगितलं असेल तर बरं केलं.

तरीही माझ्या तोंडून ऐक. १९८२चा संप. आठवा महिना. लालबागला गिरणीच्या फाटकापाशी सभा, मी अठ्ठावीस वर्षांचा, टेबलावर उभा. राजेश बावीसचा, त्याच गिरणीत साचा खात्यात, मागावर. मी म्हणत होतो, मालकांना दाबू द्या, जेवढं दाबतील तेवढे आपण घट्ट होऊ. राजेश गर्दीतून पुढे आला, टेबलापाशी उभा राहिला आणि माइक मागितला. तो सभेत कधी बोललेला नव्हता. म्हणाला, "दादा, लोक घट्ट होत नाहीयेत. तुटतायत. आपल्या मजल्यावरची अकरा बिऱ्हाडं कोकणात गेली. जी उरली ती नळावर एकमेकांशी बोलत नाहीत. तू टेबलावरून बघतोस, म्हणून तुला सगळी डोकी जवळजवळ दिसतात. खाली उतर आणि घराघरात जा."

तो खरं सांगत होता. मला त्या क्षणीच ते कळलं होतं, आणि हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही, काकीलाही नाही. कळलं होतं म्हणूनच घाबरलो. मी माइक ओढून घेतला आणि म्हणालो, "मंडळी, मालकांनी माझ्या घरात माणूस पेरलाय. माझ्या आईच्या पोटी गद्दार जन्माला आला."

पुढचं फार मोठं नाही. कोणी त्याला मारलं नाही. फक्त नळावर त्याची बादली लोक पायाने बाजूला सरकवायचे. सहा महिन्यांत तो बदलापूरला राहायला गेला. दर गणपतीला येतो, आरतीला टाळ्या वाजवतो, मोदक खातो, आणि चार माणसांत एक वाक्य बोलत नाही. लोक म्हणतात, दौलतरावांचा भाऊ मुळातच अबोल. मीही तेच म्हणतो.

आणि मग त्या अबोल माणसाच्या घरात तू वाढलीस. जे दिसेल तेच लिहायचं, दादा काय म्हणतो, गुरू काय म्हणतात, आपल्याला स्वतःला काय हवंय, यातलं काहीही मधे येऊ द्यायचं नाही. मला आता वाटतं, हे तू संस्थेत शिकली नाहीस. मी तुझ्या शोधाचं कौतुक करतो, पण त्याहून जास्त कौतुक मला त्या दिवशीच्या तुझ्या दुरुस्तीचं आहे. चारशे माणसं टाळ्या वाजवत असताना, ती टाळी तुझ्याच नावाची असताना, तू म्हणालीस, तसं नाही होत. असं करणारी आपल्या घराण्यात तू दुसरी.

व्याख्यानाला ये. समारोप मी करणार नाही. आमच्याकडे गमतीने म्हणतात की व्याख्यान ही दौलतरावांच्या समारोपाची प्रस्तावना असते. यंदा प्रस्तावनेवरच थांबू. मी तिसऱ्या रांगेत बसेन.

खजील,
दौलतकाका


नायगाव
सोमवार, २२ डिसेंबर २०२५

प्रिय राजेश,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही, म्हणून नमस्कार.

शेवटचं पत्र तुला कधी लिहिलं होतं ते आठवत नाही. बहुतेक लिहिलंच नव्हतं. तू शनिवारी आला नाहीस. अक्षदा म्हणाली, "बाबा म्हणाले, दादा व्यासपीठावर असेल तिथे मी बसत नाही." बरोबर आहे. पण तू जे चुकवलंस ते तुला कळायला हवं, आणि सांगायला माझ्याइतका वाईट आणि माझ्याइतका लांबण लावणारा साक्षीदार दुसरा नाही.

हॉल भरला होता. मी भरवला नव्हता. तुझ्या पोरीचं नाव फळ्यावर वाचून लोक आपणहून आले. जुने गिरणीवाले, त्यांच्या सुना, कॉलेजची मुलं, पहिल्या रांगेत चिंतामणी सर. अक्षदाच्या अंगात साधा कुर्ता, हातात पिशवी, पिशवीतून तिने काय काढलं? मुठीत मावेल असं पोलादाचं एक गोल यंत्र. म्हणाली, "यात हिरे बसवतो. आत्ता काढून ठेवलेत, त्यामुळे कोणी पळवून नेलं तरी चालेल." लोक हसले, आणि तिने ते यंत्र चक्क रांगेतून फिरवायला दिलं.

तुला साचा खात्याच्या शेजारच्या वर्कशॉपातला तो उंच फिटर आठवतो? कानाच्या मागे पेन्सिल ठेवायचा. आता ऐंशीचा आहे, चष्म्याला दोरी. यंत्र त्याच्या हातात गेलं ते पुढे सरकेना. बोटाने स्क्रू चाचपून त्याने विचारलं, "ताई, चार स्क्रू आहेत. आवळता कसे? ओळीने आवळलंत तर एका बाजूला कलेल."

ती बोलता बोलता थांबली. "कलतं ना! हिरा तिरका बसतो आणि फुटतो. मी एक फोडलाय."

"मग समोरासमोरचे घ्या. हा थोडा, मग त्याच्या समोरचा थोडा. मग हे दोन. घाई नाय करायची."

"काका, हे मला कळायला एक वर्ष आणि एक हिरा लागला!"

"मला आधी विचारायचं ना," तो म्हणाला, आणि हॉल जो हसला, राजेश, तो हास्याचा आवाज मला माझ्या कुठल्याही सभेत मिळालेला नाही. कोणाला खाली पाडून नव्हता आला तो.

मग तिने विषय मांडला. सगळ्यांच्या घरात असतात म्हणून तिने चपात्यांची चवड घेतली. एका चपातीतले चुंबक एका दिशेला, दोन चपात्यांमधलं नातं सैल, वरून दाबलं की आधी ती मधली फट आकसते, कधी चपात्या एकमेकींवरून सरकतात. एका पदार्थात दाबाने भांडण मिटतं आणि दाब गेला तरी मिटलेलंच राहतं. दुसऱ्यात असलेली एकी विरघळते. ती म्हणाली, "दाब देणं सोपं असतं. मला अवघड जातं ते आपल्याला हवं ते दिसायला लागल्यावर पुन्हा मोजणं." चिंतामणी सरांनी एकदाही घड्याळ बघितलं नाही. मी बघत होतो त्यांच्याकडे.

प्रश्नांच्या वेळी मागून कोणीतरी उठलंच. "ताई, दौलतराव तर म्हणालेले, दाब आला की सगळे एका दिशेला?" लोक माझ्याकडे वळले. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "काका म्हणाले ते एका पदार्थाबद्दल खरं आहे. माझ्या पदार्थाबद्दल नाही." बस. एवढंच. तिच्या जागी मी असतो तर त्या माणसाला आणि त्या काकाला दोघांनाही सोलून काढलं असतं. तिने मला माझ्या खऱ्याएवढी जागा दिली आणि उरलेली काढून घेतली.

आता समारोपाचं सांगतो. मी तिला लिहून दिलं होतं की मी बोलणार नाही. तिने त्यावर एका ओळीचं कार्ड पाठवलं. "पत्रात लिहिणं सोपं आहे काका, शब्द माइकवरून गेला होता." ते कार्ड तीन आठवडे मी खिशात घेऊन हिंडलो. तुझ्या वहिनीला दाखवलं. ती म्हणाली, "चेडवाचा खरा आसा. तुमी जावा नायतर रवा, पण माका विचारू नकात." शनिवारी दुपारपर्यंत माझं ठरलं नव्हतं. ठरलं होतं असं तुला लिहून मोठेपणा घेता आला असता, पण नव्हतं ठरलं. अक्षदा बसली, आणि सवयीने लोक ओरडू लागले, "समारोप! दौलतराव, समारोप!"

उठलो. माइकची उंची कोणीतरी माझ्यासाठी वर केली, ती मी पुन्हा खाली केली, उगाच, वेळ काढायला. मग म्हणालो:

"मंडळी, १९८२ साली लालबागच्या फाटकसभेत मी माझ्या धाकट्या भावाला, राजेशला, गद्दार म्हणालो. इथल्या काही जणांनी ते ऐकलंय. तो गद्दार नव्हता. तो लोकांच्या घरात जाऊन आला होता, मी गेलो नव्हतो. तो खरं बोलतोय हे मला तेव्हाच कळलं होतं. तो शब्द मी मागे घेतो. तीन वर्षांपूर्वी मंडळाच्या समारंभात मी त्याच्या मुलीची टर उडवली, तीही मागे घेतो. समारोप संपला."

टाळी पडली नाही. आयुष्यात पहिल्यांदा. कोणाला कळेना काय करायचं. तो फिटर हळूच म्हणाला, "दौलतराव, वाजवायच्या का?" मी म्हटलं, "नको." मग एकेक जण उठायला लागला. दाराशी तिघं जण थांबले, तिघंही आपल्या त्या जुन्या मजल्यावरचे. एकजण म्हणाला, "नळावर राजेशची बादली मीही सरकवली होती. त्याला सांगा." नाव सांगू का, विचारलं. तो म्हणाला, "नको, मी स्वतः जाईन."

त्या उदाहरणांवरून मला काही सांगायचा मोह होतोय, थर आणि भाऊ आणि दाब. सांगणार नाही. तुझ्या मुलीचा पदार्थ तिच्यापाशी राहू दे.

अक्षदा निघताना माझ्याशी फार बोलली नाही. वाकून नमस्कार केला, आणि म्हणाली, "काका, बाबांना मी नाही सांगणार. तुम्ही सांगा." म्हणून हे पत्र.

माफी मागतो असं लिहिणार होतो. तीन वेळा लिहिलं, तिन्ही वेळा ते भाषण झालं, फाडलं. त्यापेक्षा एक विचारतो. त्या दिवशी टेबलापाशी तू माइक हातात घेतलास तेव्हा पहिलंच वाक्य म्हणालास, "माझे तीन मुद्दे आहेत." अक्षदाला लिहिताना हे वाक्य मी गाळलं होतं. तुझ्या हातात विडीच्या बंडलाचा कागद होता, त्यावर लिहिलेले. लोक तुटतायत, हा पहिला. त्यावरच मी माइक ओढला. दुसरा आणि तिसरा काय होता ते कोणी ऐकलं नाही. मी कधी विचारलं नाही. त्रेचाळीस वर्षांत मी हजार भाषणं केली असतील, त्यातली निम्मी दुसऱ्यांना प्रश्न विचारणारी, आणि हा एक प्रश्न मी विचारला नाही.

येत्या शनिवारी सकाळी दहाला बदलापूरला येतो. तुझी वहिनी बरोबर येणार नाही, म्हणजे माझ्या बाजूने बोलायला कोणी नसेल. दार उघडायचं की नाही ते तू ठरव. उघडलंस तर मी पायरीवर बसेन. दुसरा मुद्दा आठवत नसेल तर आठवेपर्यंत बसेन. तू बोलताना मी मधे एक शब्द बोललो तर मला तिथूनच परत पाठव.

ऐकायला येणारा,
तुझा दादा
दौलत